गेल्या वर्षीचं पेट्रोल आणि कार्बोरेटरची वाटी

मृगाचा पाऊस पडला, बांधावरचं गवत गुडघ्याला लागलं की माळ्यावरचं गवत कापायचं मशीन खाली येतं. धूळ झटकली जाते, चोक लावून दोरी ओढली जाते. दहा वेळा, वीस वेळा. खांदा भरून येतो, मशीन ढिम्म. मग प्लग काढून घासला जातो, फुंकला जातो, पुन्हा दोरी. शेवटी गॅरेजवाला कार्बोरेटर उघडतो, आतला काकवीसारखा तांबूस चिकटा बोटावर घेऊन दाखवतो आणि म्हणतो, "पेट्रोल मेलंय."

पेट्रोल मरतं म्हणजे नक्की काय होतं? हा प्रश्न आता जास्त लोक विचारतात, कारण २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉलचं, म्हणजे उसासारख्या पिकांपासून केलेल्या अल्कोहोलचं, प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. हे उद्दिष्ट मुळात २०३० सालचं होतं. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पेट्रोलविरोधातली जनहित याचिका फेटाळली. त्यानंतर मशीन चालू झालं नाही की "ते उसाचं पेट्रोल" असं म्हणून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे. इथेनॉलचा दोष आहेच, पण निम्माच. इथेनॉल नव्हतं तेव्हाही कार्बोरेटर तुंबत होते.

पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नव्हे

पाणी कुठूनही घ्या, ते पाणीच. पेट्रोल तसं नाही. त्यात शेकडो घटक मिसळलेले असतात. काही ३०–३५ अंशांना उकळतात, काहींना २०० अंश लागतात. इंजिन थंड असताना पहिली ठिणगी पेट घेते ती हलक्या घटकांच्या वाफेवर. कापराची डबी उघडी राहिली तर कापूर उडतो आणि डबी तेवढी उरते, तसे हे हलके घटक आधी उडून जातात. उरतं ते जड पेट्रोल. काडी लावली तर ते जळेल, पण थंड इंजिनात दोरीच्या झटक्याने पेटायला त्याची पुरेशी वाफच होत नाही. म्हणूनच जुन्या पेट्रोलवरचं मशीन एकदा तापलं की बरं चालतं आणि सकाळी पुन्हा नखरे करतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑक्सिजन. तळणीच्या झाऱ्याला कडेने जो तपकिरी, चिकट थर धरतो तो आठवा. पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, खरवडावा लागतो. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याचा तो थर. पेट्रोलमधले काही घटक हेच करतात, फक्त सावकाश. या थराला गम म्हणतात. उष्णतेने तो लवकर बनतो. ऑक्टोबर–नोव्हेंबरात शेवटची बेणणी करून ठेवलेलं मशीन जूनमध्ये निघतं, तेव्हा मधला एप्रिल–मे त्याने पत्र्याखाली काढलेला असतो.

इथेनॉल आणि पाण्याची गट्टी

पेट्रोल आणि पाण्याचं हाडवैर आहे, एकत्र ओतलं तरी वेगळे राहतात. इथेनॉलचं मात्र दोघांशीही जमतं. त्यामुळे इथेनॉल असलेलं पेट्रोल थोडंफार पाणी आत विरघळवून घेतं आणि वरून पाहिलं तर काही कळत नाही. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण ५ मिली, म्हणजे चमचाभर पाणी मावतं. २० टक्क्यांत त्याहून जास्त मावतं. थंडी पडली की ही क्षमता कमी होते.

मर्यादा ओलांडली की मध्यस्थ पक्ष बदलतो. जास्तीचं पाणी वेगळं होताना इथेनॉललाही ओढून नेतं. तळाशी पाणी-इथेनॉलचा जड थर बसतो, वर उरतं इथेनॉल गमावलेलं हलक्या दर्जाचं पेट्रोल. टाकीचा कॉक तळाशी असतो, म्हणजे इंजिनाला आधी मिळतो तो खालचा थर. इंजिन त्यावर चालत नाही, वर ॲल्युमिनियमला पांढरी बुरशी आल्यासारखी भुकटी धरते आणि पितळी जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे तुकडे, हिरवट पडतात.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर उघड्यावर, विडी-काडीपासून लांब, काचेच्या उभ्या मापात १० मिली पाणी आणि त्यावर ९० मिली पेट्रोल घ्या. बूच लावून हलकेच हलवा, बूच सैल करून वाफ जाऊ द्या आणि मग माप स्थिर ठेवा. खालचा थर १० चा फुगून २५–३० च्या आसपास जातो. वाढलेला भाग म्हणजे पेट्रोलमधून खाली उतरलेलं इथेनॉल. हे पेट्रोल पुन्हा टाकीत ओतायचं नाही.

मग हवेतल्या ओलीनेच टाकीत पाणी साचतं का?

असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब करून पाहू. ३० अंशांना पूर्ण दमट हवा घेतली, अगदी कोकणातल्या जुलैची, तरी एक लिटर हवेत पाणी असतं ०.०३ ग्रॅम. हे एका थेंबापेक्षाही कमी आहे. चमचाभर पाणी जमायला सुमारे १६५ लिटर हवा टाकीत येऊन पूर्ण कोरडी होऊन जायला हवी. एक-दीड लिटरच्या टाकीत, झाकण घट्ट असेल तर, इतकी हवा आत-बाहेर करायला महिनोन् महिने जातील.

टाकीत पाणी दिसलं तर ते बहुतेक वेळा वेगळ्या वाटेने आलेलं असतं. मशीन बांधावर पावसात राहिलं आणि झाकणाची रबरी चकती तडकलेली होती. मशीन पाण्याच्या पंपाने धुतलं. नरसाळं ओलं होतं. किंवा, आणि हे फार वेळा होतं, पेट्रोल आणायची बाटली आधी पाण्याने विसळली होती. तेव्हा आधी झाकणाची चकती बदला. वस्तू अगदी स्वस्त आहे.

बासुंदी वाटीत आटते

आता मुद्द्याचं. टाकीत घट्ट झाकणाखाली पडलेलं पेट्रोल तीन महिने सहसा कामाचं राहतं. मरतं ते कार्बोरेटरच्या वाटीतलं.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा ठरलेल्या प्रमाणात मिसळणारा भाग. बहुतेक फोर-स्ट्रोक मशीनमध्ये, म्हणजे ज्यांत इंजिन ऑइल वेगळं भरतात त्यांत, त्याच्या खाली एक छोटी वाटी असते, तिच्यात काही चमचे पेट्रोल आणि एक फ्लोट. हा फ्लोट संडासच्या टाकीतल्या चेंडूसारखा असतो. पेट्रोल खाली गेलं की तो खाली येतो, सुई उघडते, टाकीतून नवं पेट्रोल येतं. आणि वाटीला हवेशी जोडणारं छिद्र असतंच, त्याशिवाय कार्बोरेटर चालत नाही.

मशीन बंद करून ठेवलं आणि कॉक उघडाच राहिला, तर वाटीतलं पेट्रोल उडत राहतं. पातळी उतरली की टाकीतून थोडं येतं. तेही उडतं. पुन्हा येतं. बासुंदी आटवताना दूध घालत जावं तसं. उडतो तो हलका भाग, वाटीत साठत जातो तो गम. सहा महिन्यांनी टाकी अर्धी झालेली असते आणि त्या सगळ्या पेट्रोलचा गाळ चार चमच्यांच्या वाटीत आटलेला असतो. ज्या जेटमधून हे पेट्रोल जायचं त्याचं भोक किती? मुख्य जेट साधारण पाऊण मिलिमीटर, आणि मंद चालीचा पायलट जेट ०.३५ ते ०.४ मिलिमीटर. एवढंसं भोक बुजायला किती चिकटा लागणार?

दोरी ओढण्याआधी

सात-आठ महिने पडलेलं मशीन आहे तसं ओढायचं नाही. ओढल्याने गाळ जेटमध्ये आणखी खेचला जातो. आधी मशीन उघड्यावर न्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि पडवीतून आत समईपर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत पोचू शकते.

टाकी काचेच्या स्वच्छ बरणीत रिकामी करा आणि अर्धा तास तशीच ठेवा. तळाशी वेगळी रेघ किंवा लोळणारे गोळे दिसले तर ते पाणी. वास वार्निशसारखा किंवा आंबूस आला, रंग ताज्या पेट्रोलशेजारी धरल्यावर चहासारखा गडद दिसला, तर त्याचा नाद सोडा.

नळीने पेट्रोल काढताना तोंडाने ओढायचं नाही. गावोगावी हे चालतं, म्हणून लिहायला हवं. थोडंसं श्वासनळीत गेलं तरी फुप्फुसाला सूज येऊ शकते. गिळलं गेलंच तर उलटी करवायची नाही, कारण वर येताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. सरळ दवाखाना गाठायचा. त्यासाठी हातपंप मिळतो, तो वापरा.

आता कार्बोरेटर. कॉक बंद करा. वाटीच्या तळाशी सहसा १० नंबरचा बोल्ट असतो, तो सोडला की वाटी हातात येते. खालचं वॉशर आणि वाटीभोवतीची रबरी रिंग जपून ठेवा, पुढे गळती झाली तर ती इथूनच होते. मधल्या खांबात मुख्य जेट बसलेला असतो. त्याच्या खाचेत बरोबर बसेल असा रुंद चपटा स्क्रूड्रायव्हर हवा. बारीक स्क्रूड्रायव्हर घातला तर पितळेची खाच मोडते आणि मग खरा खर्च सुरू होतो.

जेट उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. नसेल तर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून दहा मिनिटं थांबा आणि वायरमधली तांब्याची एकच तार काढून आरपार फिरवा. सुई, टाचणी, स्टीलची तार वापरायची नाही. भोक शतांश मिलिमीटरने मोठं झालं तरी मिश्रण बदलतं आणि ते परत लहान होत नाही. जेटच्या वर जाळीसारख्या भोकांची नळी असते, तीही उतरवा. पायलट जेट बहुतेकांकडून विसरतो आणि मग "चोक लावला की चालतं, काढला की बंद पडतं" ही तक्रार उरते. शेवटी हवा मारून घ्या. फवाऱ्याचा क्लीनर रबरी भागांवर मारू नका, ते फुगतात. डोळ्यांना चष्मा लावा, फवारा भोकातून उलटा उडतो.

फ्लोटच्या सुईचं टोक पाहा. त्यावर गोल खाच पडली असेल तर ती पेट्रोल अडवत नाही. ते ओसंडून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग सांभाळत नाही. १६०–२०० सीसीच्या जनरेटरला किंवा पॉवर विडरला साधारण ६०० मिली लागतं, ३५ सीसीच्या फोर-स्ट्रोक ग्रास कटरला जेमतेम १०० मिली.

एअर फिल्टरचा फोम हातात भुगा होत असेल तर बदला. प्लग स्वच्छ करा, पुस्तिकेतला गॅप तपासा. बहुतेक छोट्या इंजिनांत तो ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतो. अर्धा लिटर ताजं पेट्रोल, चोक, आणि चार-पाच ओढी. एवढ्यात चालू व्हायला हवं.

चालू झाल्यावर आवाज ऐका. रेस आपोआप वर-खाली होत असेल, मशीन हुंदके देत असेल, तर जेट अजून अर्धवट बुजलेला आहे. "चालतंय ना, कापून घेऊ आधी" हा विचार इथेच महाग पडतो.

टू-स्ट्रोकचं दुखणं वेगळं

पाठीवरचे फवारणी पंप आणि बरेच ग्रास कटर टू-स्ट्रोक असतात. त्यांना वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं २टी ऑइल हेच वंगण. जेट अर्धा तुंबला की पेट्रोल कमी जातं, म्हणजे ऑइलही कमी. त्यात कमी पेट्रोल-जास्त हवा या मिश्रणाने तापमान चढतं. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये धरतो. टाकीत पाणी वेगळं झालेलं असेल तर आणखी वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि खालच्या थरात वंगण जवळजवळ नसतंच.

मिश्रणाचं प्रमाण पुस्तिकेतलंच धरा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. अंदाजपंचे झाकणाने मोजू नका. महिन्याभरात संपेल एवढंच मिसळा आणि कॅनवर तारीख व प्रमाण मार्करने लिहा. ऑइल घातलेलं पेट्रोल कॅनमध्ये बघून ओळखू येईलच असं नाही.

यांच्यापैकी बऱ्याच मशीनच्या कार्बोरेटरला वाटी नसते, आत पातळ रबरी पडदा असतो. पेट्रोल सुकलं की तो पापडासारखा कडक होतो. चालू करण्याआधी पेट्रोल ओढायला दाबायचा रबरी फुगा कडक झाला असेल किंवा दाबल्यावर परत फुगत नसेल तर पडद्याचा किट बदलणं सोपं, धुऊन तो मऊ होत नाही. टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढून तोही बदला.

"मी तर दरवर्षी तसंच ठेवतो, काही होत नाही"

होतं असंही. कॉक योगायोगाने बंद राहिला असेल, मशीन थंड जागी असेल, किंवा शेवटी टाकी आपोआप संपली असेल. शिवाय जुन्या मशीनचे जेट मोठ्या भोकांचे असायचे. २० टक्के इथेनॉलमुळे एक फरक मात्र पडला आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. जुन्या, ठरीव जेटच्या इंजिनाला त्यामुळे मिश्रण आधीच थोडं कमी पेट्रोलचं मिळतं. पूर्वी थोडा गाळ खपून जायचा, आता तेवढ्यानेच मशीन हुंदके देतं. पुस्तिकेत इथेनॉलची कमाल मर्यादा १० टक्के लिहिलेली असेल तर नळ्या आणि रबरी रिंगा वर्षातून एकदा दाबून बघा. चिकट किंवा फुगलेल्या लागल्या तर बदला.

टाकी भरून ठेवायची की रिकामी?

दोन्ही सल्ले मिळतात आणि दोन्ही बरोबर आहेत, वेगवेगळ्या मशीनसाठी. एक-दोन लिटरची टाकी असलेलं शेतीचं मशीन दोन महिन्यांहून जास्त ठेवायचं असेल तर पूर्ण रिकामं करा. टाकी पत्र्याची असेल तर आत चमचाभर ऑइल फिरवा, गंज धरत नाही. स्कूटरची पत्र्याची मोठी टाकी दोन-तीन महिन्यांसाठी ठेवायची असेल तर ताज्या पेट्रोलने जवळजवळ भरून ठेवा, आत हवा कमी राहते.

रिकामं करण्याची रीत अशी: कॉक बंद करून मशीन मंद चालीवर आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. एवढ्यावर थांबू नका. मुख्य जेट वाटीच्या तळापासून थोडा वर असतो, त्यामुळे चमचाभर पेट्रोल खाली उरतंच. वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून तेही काढा. टू-स्ट्रोकला टाकी ओतून रबरी फुगा आठ-दहा वेळा दाबा, मागे आलेलं पेट्रोल ओता, मग बंद पडेपर्यंत चालवा. नंतर प्लग काढून सिलिंडरमध्ये छोटा चमचाभर ऑइल, दोन सावकाश ओढी, आणि प्लग परत. फोर-स्ट्रोकची दोरी जिथे जड लागेल तिथे सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओल आत जात नाही.

महागडं पेट्रोल किंवा स्टॅबिलायझर?

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल जास्त टिकतं हा गैरसमज आहे. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची ताकद, टिकाऊपणा नव्हे. स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकावं म्हणून त्यात घालायचं रसायन, खरोखर उपयोगी पडतं, पण ताज्या पेट्रोलमध्ये घातलं तरच. ते गम बनणं लांबवतं, बनलेला गम विरघळवत नाही आणि पाणीही काढत नाही. घातल्यावर दहा मिनिटं मशीन चालवावं लागतं, नाहीतर ते टाकीतच राहतं आणि वाटीत जुनंच. अमेरिकेत मशिनं थंडीत झोपतात, तिथे याची बाटली घरोघरी असते. आपल्याकडे वाटी रिकामी करणं फुकट आहे.

गावच्या घरातली स्कूटर

चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मधले महिने स्कूटर पडवीत. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) स्कूटर बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारून सोडणाऱ्या. त्यांत उघड्या तोंडाची वाटी नाही, म्हणून पेट्रोल जास्त टिकतं, आणि बहुतेक वेळा आधी बॅटरी बसते. त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या स्कूटरचा मात्र निघताना ड्रेन स्क्रू सोडून वाटी रिकामी करून जा. पाच मिनिटांचं काम.

काढलेल्या पेट्रोलचं काय?

तीन-चार महिन्यांचं, पाणी नसलेलं, वास ठीक असलेलं पेट्रोल एकाला पाच या प्रमाणात ताज्यात मिसळून फोर-स्ट्रोक कार्बोरेटरच्या गाडीत संपवता येतं. २टी मिसळलेलं तिथे घालू नका. पाणी नाही पण मिसळण्याइतकं ताजंही नाही, असं पेट्रोल उघड्यावर साखळ्या आणि सुटे भाग धुवायला चालतं. वार्निशच्या वासाचं किंवा पाणी सुटलेलं पेट्रोल झाकणबंद पत्र्याच्या डब्यात भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला आधी विचारून द्या. गटारात, विहिरीजवळ, शेतात ओतायचं नाही. आणि पालापाचोळा पेटवायला तर कधीच नाही. वाफ आधी पसरते, काडी नंतर लागते आणि भडका हातापर्यंत येतो.

साठवायचंच असेल तर कायदा माहीत असावा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण भांडं घट्ट बुचाचं आणि काच, चिनीमाती किंवा धातूचं हवं. काच-चिनीमातीचं एक लिटरपर्यंत, धातूचं २५ लिटरपर्यंत. कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा त्यात उल्लेखही नाही.